जित्या वडिलांची मयत

वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं, पण 'अमुक गावी गरीब घरात जन्म झाला' अशी सुरुवात करायला जीव धजेना. असली चरित्रं आमच्या नांदेडात पैशाला पासरी. म्हणून मी उलटं लिहिलं. आधी मयत, मग म्हातारपण, मग नोकरी आणि शेवटच्या पानावर जन्म. वडील तेव्हा चांगले धडधाकट होते, रोज सकाळी पेपर वाचून सरकारला शिव्या घालत होते. पण शैली म्हणजे शैली!

एवढ्यावर थांबलो असतो तर लेखक कसला? मयत कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची आमच्याकडे रीत. तसं पत्र घरात नेत नाहीत, दारातच उभ्यानं वाचून तिथंच फाडून टाकतात. मी हस्तलिखिताच्या पहिल्या पानाचा कोपरा फाडला आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

एका प्राध्यापक मित्रानं 'धाडसी प्रयोग' म्हटलं. त्यानं वाचलंच नव्हतं, हे नंतर कळलं. बायकोनं मात्र वाचलं. "जित्या सासऱ्याची मयत? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" म्हणाली आणि पान माझ्या मांडीवर टाकून गेली. गाढवाला गुळाची चव काय, असं मी म्हटलं. मनातल्या मनात, अर्थात.

मग ते पान वडिलांपुढे ठेवलं. ते निवृत्त मास्तर, लाल पेन घेऊनच बसले. स्वतःची मयत त्यांनी शांतपणे वाचली. त्रिशरण-पंचशीलाचा क्रम मी चुकवला होता, तो नीट केला. मग एका ओळीवर पेन थांबला. 'धाकटा भाऊ लातूरहून आला आणि पायाशी बसून हमसून हमसून रडला.'

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कल्पना आहे, दादा."

त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग एवढंसं तोंड करून विचारलं, "पर खरंच यील का रे त्यो?"

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा काकांना तिथल्या कचेरीत नोकरी लागली. गावात दुष्काळ, जनावरांना चारा नाही, आजी अंथरुणावर, आणि काका निघाले. "जा, साहेब हो. पुन्हा माझ्या दारात येऊ नको," असं वडील बोलून गेले. दोघंही असले हट्टी, की त्यानंतर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. नांदेड-लातूर एसटी रोज जात होती, येत होती.

वडिलांचा तो प्रश्न माझ्या काळजात रुतून बसला. शहाणा माणूस लातूरला जाऊन काकांच्या पाया पडला असता. मी पडलो लेखक! ते पान पाकिटात घातलं आणि काकांना पाठवून दिलं. सोबत 'काका, ही ओळ खरी वाटते का?' अशी चिठ्ठी लिहिली होती. ती टेबलावरच राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी काका आले. पांढरे कपडे, हातात हार, डोळे सुजलेले. रडत रडतच आत शिरले, तर समोर वडील चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलेले.

काकांच्या हातातला हार खाली पडला. मग माझ्याकडे वळून ओरडले, "कोपरा फाटका व्हता की रे, मुडद्या! पैली ओळ वाचली अन् दारातच फाडलं म्या!"

म्हणजे ज्या ओळीसाठी हा खटाटोप, तिथवर ते पोचलेच नव्हते. दुसरी प्रतही मी ठेवलेली नव्हती. कप्पाळ!

वडील बशी बाजूला ठेवून कसेबसे उठले. "आलास?"

"आलो, दादा."

काका खाली बसले, वडिलांचे पाय धरले आणि हमसून हमसून रडायला लागले. वडिलांचा हात त्यांच्या डोक्यावर होता.

वडिलांनी ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती ओळ ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "बाकी सगळं जन्मापासून लिही."