तीन फूट दहा इंच कोरडं पाणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी हे सांगायला बसलो की माझा मलाच राग येतो, आणि मग समोरचा हसला की चहा कडू लागतो.

पाण्यावर डॉक्टरेट घेतलेला माणूस मी. माटुंग्याच्या एका कॉलेजात जन्मभर पोरांना पाणी शिकवलं. कुठून येतं, कुठे जातं, का तुंबतं. आणि याच माणसाने एका लख्ख दुपारी लालबागच्या आमच्या चाळीत पूर आणला. थेंबभर पाणी नसताना! आहे की नाही कर्तबगारी?

आमची चाळ खोलगट भागात. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की तळमजल्याच्या खोल्यांत पाणी शिरतं. म्हणून वॉर्डातल्या लोकांनी मागच्या गल्लीत एका खांबावर कॅमेरा बसवला आणि समोरच्या भिंतीवर काळ्या-पिवळ्या रंगात फूटपट्टी रंगवली. पट्टीवर पाणी कुठवर चढलंय ते कॅमेरा बघणार. पाऊस किती, भरती कधी, पाणी उपसणारा पंप चालू की बंद, या सगळ्याचा मेळ कृत्रिम बुद्धिमत्ता घालणार, आणि पुराच्या आधीच चाळीला सावध करणार. उत्तम योजना. मी स्वतः शिकवली असती अशी.

फक्त यंत्र एकदम बोंब मारत नाही. आधी चाळीतल्या एका जबाबदार माणसाच्या फोनवर विचारतं, ‘जागेवर जाऊन पाहा. पाणी दिसतंय का? हो / नाही.’ त्याने ‘हो’ दाबलं की सगळ्या बिऱ्हाडांच्या फोनवर एकदम भोंगा.

जबाबदार माणूस कोण? अर्थात डॉक्टर!

हिचा तेव्हाच विरोध होता. “अहो, तुम्ही गॅस बंद केलाय का हे चार वेळा बघता. तुम्हाला कसली जबाबदारी देतात?”

“मी पाण्यातला तज्ज्ञ आहे,” मी म्हणालो.

“नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगा बघू.”

मी विषय बदलला.

आता शांतारामदादा. तळमजल्यावर आमच्या बरोब्बर खाली राहतात. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप लागला, लांबला, लोक गावाला जायला लागले. दादाही वहिनींना घेऊन मालवणाकडे निघाले, आणि जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, “तुमच्या खोलीत नऊ माणसं. खाली बस आणि अभ्यास कर. एक तरी डॉक्टर होऊ दे चाळीत.” माझा सगळा प्रबंध त्या खोलीत लिहून झाला. गिरणी परत काही उघडली नाही. दादांनी मग वॉचमनची नोकरी केली, पण मी डॉक्टर झालो तेव्हा पेढे त्यांनी वाटले. या माणसाच्या केसालाही आपल्यामुळे धक्का लागू नये, असं मला आजवर वाटत आलं आहे. आणि धक्का लावला कुणी?

त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. शाडूची मूर्ती, वहिनींच्या हातची सजावट. यंदा तर विचारू नका. त्यांची मुलगी मनीषा लग्नानंतर परदेशी गेली ती सहा वर्षांत गणपतीला आली नव्हती. ती तिसऱ्या दिवशी सकाळी उतरणार होती, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. नातीने घरचा गणपती एकदा बघावा, एवढंच वहिनींचं म्हणणं. आठवडाभर करंज्या चालल्या होत्या.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी जरा आडवा होतोय, तोच फोन थरथरला.

‘मागची गल्ली. पाण्याची पातळी तीन फूट दहा इंच. जागेवर जाऊन पाहा. पाणी दिसतंय का?’

तीन फूट दहा इंच!

मी गॅलरीत धावलो. आमची गॅलरी पुढच्या अंगणावर. अंगण कोरडं ठणठणीत. एक मांजर अंग पसरून ऊन खात होतं. मागच्या गल्लीत जायचं म्हणजे जिना आणि माझा गुडघा. तेवढ्यात पाणी वाढलं तर? आणि मी बघून तरी काय सांगणार? माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या यंत्राला भरती माहीत, पंप माहीत, अख्ख्या शहराचा पाऊस माहीत. मी कोण त्याला ‘नाही’ म्हणणारा? शिवाय आम्ही इंजिनीअर लोक नेहमी जास्तीची सुरक्षा धरतो. ‘हो’ म्हटलं आणि चुकलं तर लोक हसतील. ‘नाही’ म्हटलं आणि चुकलं तर लोक बुडतील.

मी ‘हो’ दाबलं.

आणि चाळीतल्या झाडून सगळ्या फोनांवर तो भोंगा! गिरण्या बंद पडल्यापासून चाळीने असा आवाज ऐकला नव्हता. दादा तर खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले म्हणे. पाळीला निघाल्यासारखे.

मी गुडघा विसरून खाली. “दादा, सामान वर! सगळं वर! मागे चार फूट पाणी आहे!”

दादांनी दारातून अंगणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. “डॉक्टर, मागे चार फूट आणि पुढे मांजर झोपलंय? मध्ये काय बांध घातलाय पाण्याने?”

पाणी आपली पातळी शोधतं, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. एका गिरणी कामगाराने तो मला त्या दारात शिकवला आणि मी नापास झालो! उलट म्हणालो, “दादा, भरतीचं पाणी गटारातून उलटं येतंय. आत दाब साठतोय. एकदम फुटेल.”

काय फुटणार होतं, देव जाणे.

वहिनी मोदकाच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. “भावजी, पाणी खंय आसा?”

“येतंय वहिनी, येतंय.”

“माका शिक्षण नाय, पण माझे पाय सुके आसत.”

तरी चाळ ती चाळ. डॉक्टर म्हणतोय म्हटल्यावर पोरं धावली. फ्रिज जिन्यात अडकला, गाद्या वर गेल्या, डबे हातोहात तिसऱ्या मजल्यावर. पंधरा मिनिटांत खोली रिकामी. राहिला फक्त गणपती.

“आता मूर्ती उचला,” मी म्हणालो.

सगळे थबकले.

“बसवलेला गणपती असा उचलत नाहीत, डॉक्टर,” दादा हळू आवाजात म्हणाले. “हलवायचा तर आधी उत्तरपूजा. आणि उत्तरपूजा केली म्हणजे तो निघाला.”

“दादा, शाडूची माती आहे. पाणी लागलं तर तासाभरात जागच्या जागी विरघळेल!”

हे मात्र शास्त्रशुद्ध होतं. दिवसभरात मी बरोबर बोललो ते एवढंच, आणि नेमकं त्यानेच घात केला.

वहिनी मटकन खाली बसल्या. “माझो गणपती पाच दिवसांचो! उद्या मनीषा येतली. तिच्या चेडवाक, माझ्या नातीक, काय दाखवू, रिकामो पाट?”

दादांनी आंघोळ केली, सोवळं नेसलं आणि उत्तरपूजा केली. दुसऱ्याच दिवशी. आरती म्हणताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. अक्षता टाकल्या, मूर्ती जराशी हलवली. झालं. मी दारात उभा राहून फोनकडे बघत होतो. पातळी तीन फूट दहा इंच. एक इंच वर नाही, एक इंच खाली नाही. कुठलं भरतीचं पाणी असं शिस्तीत उभं राहतं? पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ.

दादांनी मूर्ती डोक्यावर घेतली. “चला. इथे विरघळण्यापेक्षा मानाने पाठवू. मागच्या गल्लीत.”

“दादा, तिकडे पाणी आहे!”

“मग विसर्जन काय वाळूत करतात?”

निघाली मिरवणूक. पुढे दादा, मागे रडणाऱ्या वहिनी, त्यांच्यामागे मी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन!

वळण घेतलं. गल्ली कोरडी. भिंतीवर काळी-पिवळी पट्टी. आणि पट्टीला अगदी चिकटून, दीड दिवसाच्या गणपतींसाठी त्याच दुपारी भरलेला, मंडळाचा विसर्जनाचा भला थोरला हौद. काठोकाठ. पट्टीवर तीन फूट दहा इंच.

मी तिथेच वॉर्डातल्या इंजिनीअर मुलीला फोन लावला. माझ्याच एका विद्यार्थ्याची विद्यार्थिनी ती. अमृता नाव. चढ्या आवाजात म्हणालो, “काय ही तुमची बुद्धिमत्ता! हौद आणि पूर यातला फरक कळत नाही?”

“सर, तिला डाउट होता ना. पाऊस नाही, पंप बंद, आणि पाणी चार फूट. म्हणून तर तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही ‘हो’ म्हणालात.”

“पण मला वाटलं, तिला माहीत असेल.”

“आणि तिला वाटलं, तुम्ही बघितलं असेल.”

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

“पण सर, कॅमेऱ्यासमोर, पट्टीला चिकटून हौद ठेवायला सांगितला कुणी?”

मंडळाच्या पोरांनी सकाळी मलाच विचारलं होतं, गल्लीत सगळ्यात सपाट जागा कुठली. मी पातळी बघायची पाण्याची नळी धरून, तीनदा मोजून ती जागा काढून दिली होती. तीनदा!

फोन स्पीकरवर होता. सगळ्या गल्लीने ऐकलं.

दादा डोक्यावर गणपती घेऊन उभेच. आता परत नेऊन बसवता येईना, आणि पाण्यात सोडवेना. गल्लीत चार माणसं, सहा मतं. शेवटी वहिनींनी डोळे पुसले. “देव निघालो खरो, पण पाण्यात खंय गेलोसा? वाटेत कुणाकडे थांबलो तर थांबलो. मनीषा येयसर डॉक्टराकडे ऱ्हवात.”

म्हणजे मनीषा येईपर्यंत माझ्याकडे! माझ्या टेबलावर, पुराच्या पुस्तकांची चळत हलवून.

दुसऱ्या दिवशी मनीषा आली. रिकामा पाट बघून दारातच तिचा चेहरा पडला. वहिनी तिला घेऊन वर आल्या, आणि नातीने माझ्या टेबलासमोर हात जोडले. वहिनींनी तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं माफ केलं बहुतेक. तर कुठलं! तीन दिवस जो दर्शनाला येई तो विचारी, “यंदा गणपती वर कसा?” आणि वहिनी त्याच्या हातावर मोदक ठेवून मूर्ती कुणी हलवायला लावली, पँट कुणी दुमडली, चपला कुणी हातात घेतल्या, सगळं सांगत. मी शेजारी बसून पंखा घालत असे.

विसर्जन झाल्यावर अमृता आली. माझ्यासमोर जरा अवघडली. म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये थोडा बदल केलाय. आता तुमच्या चाळीत दोघांना विचारणार. तुम्हाला आणि खालच्या वहिनींना.”

“छान,” मी म्हणालो. “आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर?”

ती चहाच्या कपात बघत म्हणाली, “तर वहिनींचं धरायचं, सर. तुम्हाला विचारायचं ते फक्त तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”