सोळा की एकवीस

नवरा गेल्यावर मला भिलाईतल्या एका ऑफिसात चपराशाची नोकरी मिळाली. ऑफिसचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं.

नव्वदनंतर कधीतरी तिथे कपाटाएवढं एक यंत्र आलं. त्याला स्विच म्हणत. तसंच दुसरं रायपूरच्या ऑफिसात बसवलं. मधे तार एकच, पण तिच्यातून बऱ्याच वाटा काढायच्या होत्या. वाट म्हणजे वेगळी तार नव्हे. दोन्हीकडच्या यंत्रांत तिचा नंबर भरला की ती सुरू. अट एवढीच, की नंबर दोन्हीकडे एकच पाहिजे. याला ते सर्किट म्हणत. मी चौथी शिकलेली, मला हे एका दमात समजलं.

आमच्या साहेबांनी पहिल्या सर्किटला सोळा नंबर भरला. रायपूरच्या साहेबांनी एकवीस. एकाने फोन केला असता तर पाच मिनिटांत काम होतं. पण दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते, एकाच दिवशी अफसर झाले होते. मोठा कोण, हे वर कोणी ठरवलं नव्हतं. जो आधी फोन करील तो लहान ठरणार. म्हणून चिठ्ठ्या. त्या घेऊन मी रोज सकाळच्या लोकलने रायपूरला जायची आणि दुपारी परत यायची. दुसरा चपरासी गुडघे धरून बसला, त्याला कोणी पाठवलं नाही.

माझी मुलगी गोंदियाला, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. डॉक्टरने प्रवास नको म्हटलं म्हणून ती माहेरी आली नव्हती. तिच्या सासूचा हात मोडलेला. मीच जायला पाहिजे होतं. सुटीचा अर्ज दिला.

"सर्किट लागू द्या बाई, मग जा," साहेब म्हणाले. "तुम्ही गेल्या तर चिठ्ठी कोण नेईल?"

"पोस्टानं पाठवा."

"पोस्टानं पाठवली तर त्याले वाटन, मले घाई आहे."

आठ दिवस सोळा तिकडे नेला आणि एकवीस इकडे आणला. मग भोपाळच्या मोठ्या साहेबांनी दोघांनाही फोनवर झाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांनी मशीनमध्ये एकवीस भरला आणि चिठ्ठी लिहिली, आपला नंबर मान्य. मी मनात म्हटलं, सुटले. रायपूरला चिठ्ठी दिली. तिथल्या साहेबांनी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"बाई, मी सकाळीच सोळा टाकला ना! भोपाळचे साहेब मोठेपणा दाखवा म्हणाले, मी दाखवला."

"मंग आता परत एकवीस करा."

"वा! दोन-दोनदा मीच कावून वाकू?"

"आमचे साहेब बी वाकलेच ना."

"आधी कोण वाकलं ते पहा. मी नऊ वाजता वाकलो."

परत येऊन आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दिलेला मान परत घेऊ काय? त्यालेच सांगा, एकवीस कर म्हणा." आता दोघंही दुसऱ्याचाच नंबर धरून बसले. सर्किट जिथल्या तिथे. आणखी दोन दिवस मी मोठेपणाच्या चिठ्ठ्या वाहिल्या. एकीत 'सादर' लिहिलं होतं, तर दुसरीत 'सविनय सादर'.

बाराव्या दिवशी मी निघायच्या आधी शेजारणीकडे जावयाचा फोन आला. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या. तरी रायपूर गाठलं, कारण माझ्या अर्जावरची सही त्या सर्किटावर अडली होती. तिथल्या साहेबांनी पुन्हा तेच लिहून दिलं, सोळाच ठेवला आहे, आपल्या मानाखातर. परतताना खारून नदीच्या पुलावर मी ती चिठ्ठी खिडकीतून सोडून दिली. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आमच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"ते म्हणाले, सोळाच बरा. साहेबांपुढं मी लहानच आहो म्हणाले."

साहेब खुर्चीतून उठले. "लहान म्हणाला? त्याच्या तोंडानं?"

"दोनदा म्हणाले."

"लिहून कावून नाही दिलं?"

"लाज वाटली असन."

साहेबांनी लगेच सोळा भरला. मशीनवरचा दिवा हिरवा झाला. तिकडे रायपूरच्या साहेबांना वाटलं, आपल्या चिठ्ठीपुढे भिलाई वाकली. दोघंही खूश. दोघंही पुढे मोठे म्हणूनच रिटायर झाले.

साहेबांनी पेढे मागवायला सांगितले.

"पेढे दुसरा कोणी आणन," मी म्हटलं, आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्ही सही करा."

त्यांनी केली. दुर्गहून गाडी धरली आणि संध्याकाळी गोंदियाच्या दवाखान्यात पोचले. पोरगी अजून मोकळी झाली नव्हती. मला पाहिल्यावर तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. तासाभराने मुलगा झाला.

विहीणबाई मोडका हात सावरत बाहेर बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "इतका उशीर कावून केला हो?"

"ऑफिसात दोन साहेब एकमेकाच्या पाया पडून राहिले होते. उठतच नव्हते."

त्यांना ते पटलं नाही. मी बाळाची दुपटी धुवायला घेतली.