निःपक्षपाती मावशी

दिवाणी कोर्टात तारखा मागून घसा बसला, तेव्हा पन्नाशीच्या वकीलमावशी पुन्हा विद्यापीठात जाऊन बसल्या. विषय घेतला आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद: कोर्टाची पायरी न चढता, दोन्ही पक्षांनी निवडलेल्या तिसऱ्याच माणसाकडून निवाडा. वर्गातली पोरं लेकरांच्या वयाची, पण मावशींना कशाचं काय! एका देशाची कंपनी, दुसऱ्याचं जहाज, तिसऱ्याचा कायदा. असल्या भांडणांत त्या नुसत्या रमल्या. प्रबंध लिहिला तो लवादाने, म्हणजे निवाडा करणाऱ्याने, पक्षांशी असलेले आपले संबंध कितपत उघड करावेत यावर. त्यांचं उत्तर होतं, सगळेच्या सगळे.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीच्या दोन मुलांचं घरच्या छापखान्यावरून वाजलं. थोरल्याला पुस्तकं छापायची होती, धाकट्याला औषधांची खोकी. बोलणंच बंद झालं. बहीण काकुळतीला आली, "ताई, आता तूच काय ते मिटव." पोरंही म्हणाली, मावशी सांगेल ते मान्य.

दुसरी एखादी मावशी दोघांचे कान धरून मोकळी झाली असती. या मावशींनी छापखान्यातली कागदाची रिमं बाजूला सारली, चष्मा लावला आणि आधी स्वतःचं निवेदन वाचून दाखवलं.

"धाकट्याच्या पहिल्या नोकरीसाठी मी तिथल्या साहेबांना फोन केला होता. थोरल्याने त्याच्या आत्ताच्या बायकोशी लग्न करू नये, असं मी तेव्हा त्याच्या आईला सुचवलं होतं. मला धाकटा थोडा जास्त आवडतो. निकालावर याचा परिणाम होणार नाही."

"म्हणजे आईचे कान भरणारी तू होतीस?" थोरला ताडकन उठला.

"आणि मी समजत होतो, मी हुशारीवर लागलो!" धाकट्याचा चेहरा पडला.

"हरकत असेल तर लवाद बदलून मागता येतो," मावशी समजुतीने म्हणाल्या.

"बदला!" दोघं एका सुरात ओरडले. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तसेच तरातरा बाहेर पडले, कोपऱ्यावर चहा प्यायले आणि मावशींच्या नावाने बोटं मोडता मोडता ठरवून आले: सकाळी पुस्तकं, दुपारनंतर खोकी.

"तुला जीभ आवरता आली नाही का गं?" बहीण म्हणाली. थोरल्याच्या बायकोने तर मावशींना पाहिलं की रस्ता बदलायचा नेम धरला. मावशींना ते लागलं, पण चुकलं कुठे, ते काही सापडेना.

प्रबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. परीक्षकांनी खाली शेरा मारला होता: विवेचन सखोल, प्रत्यक्षातलं एखादं उदाहरण असतं तर बरं झालं असतं.

मावशींनी सुस्कारा टाकला. उदाहरण होतं की! पण लवादातली गोष्ट बाहेर बोलायची नसते.