मुऱ्हाळ्याशिवाय माहेर

भुतेकरांची दैवशाला नवऱ्याशी भांडून, पिशवी घेऊन, रडत रडत सायकलवर माहेराला निघून गेली, अशी बातमी मंगळवारी सकाळी भोकरदनच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आली. आणणारा दूधवाला होता आणि त्यानं तिला जाफराबादच्या रस्त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिला कप संपेपर्यंत पिशवीची पेटी झाली. दुसऱ्या कपाला भागवत भुतेकरानं तिच्यावर हात उचलला. तिसरा कप येईपर्यंत एका जाणत्या माणसानं, त्या दोघांचं पहिल्यापासूनच पटत नव्हतं, असंही सांगून टाकलं.

खरं तर भागवतला ओळखणाऱ्यांना इथंच शंका यायला हवी होती. हा माणूस घरात शिरलेल्या मांजरीलाही "जा बरं आता" असं म्हणून बाहेर काढतो. पण बातमी चांगली असली की शंका काढायला कोणाला वेळ असतो?

टपरीवर अशी हळहळ चाललेली असताना गल्लीतून तिच्याच पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज सुरू झाला. लोक जाऊन बघतात तर दैवशाला कोपरापर्यंत पीठ लावून नेहमीच्या जागेवर उभी, कुरडयांसाठी गहू घेऊन आलेल्या बाईला म्हणते आहे, "एवढा ओला गहू? दगड जाम करून राह्यली का माझे?" पिशवीत होत्या पाण्याच्या बाटल्या, काकड्या आणि हवा भरायचा पंप. रडणं म्हणजे उन्हाळ्यात डोळ्यात जाणारी चिलटं. आणि तिच्या पुढं चाललेल्या चार बायका दूधवाल्याला दिसल्या नव्हत्या असं नाही. त्या बातमीत बसत नव्हत्या, म्हणून त्यानं गाळल्या.

या चार आणि दैवशाला मिळून पाच, हे आमच्या गल्लीचं सायकल मंडळ. कोणाचीच सायकल स्वतःची नाही. मुली आठवीला गेल्या तेव्हा शाळेतून मिळालेल्या सायकली त्या. मुली शिकून, लग्न होऊन गेल्या. सायकली राहिल्या, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या जिन्याखाली. दैवशालाच्या प्रीतीची सायकल गिरणीच्या कोपऱ्यात उभी असायची. प्रीती नर्सिंगला संभाजीनगरला गेली आणि सीटवर पिठाचा असा थर चढला की तिच्यावर भाकरी थापता आली असती.

एका उन्हाळ्यात दैवशालानं तो थर झटकला. चाळिशी कधीच मागं पडलेली, गुडघा कुरकुरायचा. दवाखान्यातून सांगितलं होतं, चालत जा किंवा सायकल चालवा. चालायचं तिच्या जिवावर आलं. मोंढ्याच्या मोकळ्या जागेत पहाटे शिकणं सुरू झालं. शेजारची सुरेखा, जी पिको-फॉल करते आणि लहानपणी भावाची सायकल चोरून चालवायची, तिनं मागून कॅरिअर धरलं. धरलंय धरलंय म्हणत तिनं ते सोडलं, आणि दैवशाला सरळ मक्याच्या ढिगात जाऊन बसली. हमाल हसले. मक्यातून वर येत ती म्हणाली, "हसता काय, मक्याचा भाव इचारायला गेल्ते." आठ दिवसांत ती मोंढ्याला गोल फेऱ्या मारायला लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या मागं चार जणी झाल्या.

चौथी आली सगुणाबाई. साठी ओलांडलेली, मंडळातली सगळ्यात थोरली आणि सगळ्यात सावकाश. सुरुवातीला तिला मागं सोडून बाकीच्या पुढं गेल्या, आणि बाई रस्त्यात कुत्र्यांच्या घोळक्यात एकटी सापडली. त्या दिवशी दैवशालानं नियम केला: जी सगळ्यात हळू ती सगळ्यात पुढं, तिला ओलांडून जायचं नाही. आणि शेवटी पंप घेऊन दैवशाला. म्हणून पाच बायकांची ही रांग उन्हाळ्यात रोज पहाटे सगुणाबाईच्या चालीनं गावाबाहेर जाते आणि ऊन तापायच्या आत परत येते. टपरीवरचा एखादा म्हणतोच, "काय बाई, आज दिल्लीला का?" सगुणाबाई मान न वळवता सांगते, "तुझ्या सासरी. निरोप असंल तर सांग."

तर बातमी खोटी निघाली, टपरी हिरमुसली, प्रकरण मिटलं. भोकरदनात मिटलं. पण तोवर ती दुधाच्या गाडीतून दैवशालाच्या माहेरी पोहोचली होती. दुपारी आईचा फोन आला. गिरिजाबाई फोनवर आधी रडते, मग बोलते.

"बाई, काहून निघालीस घरातून?"

"माय, मी घरीच हाय. गिरणीचा आवाज येऊन राह्यला न्हाई का तुला?"

"खरं सांग. भागवतरावांनी काय केलं?"

"त्यांनी भेंडी केली. बरी झालती."

गिरिजाबाईला पटलं नाही. आणि त्यात दुसरी अडचण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, पण उठून आपली आपण जात नाही. भावानं यावं लागतं न्यायला. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दैवशालाचा भाऊ सर्जेराव दरवर्षी मोटरसायकल घेऊन यायचा, ती मागं बसायची, मांडीवर पिशवी. यंदा त्याचा पिकअप लग्नसराईत मंडपाचं सामान वाहत होता. त्याला सवड नव्हती.

"मंग मी येते ना," दैवशाला म्हणाली. "रविवारी. सायकलवर."

फोनमध्ये आधी रडणं ऐकू आलं. मग गिरिजाबाई म्हणाली, "न्हाई बाई, तसं नको करू. मुऱ्हाळी न येता आलेली लेक म्हंजे भांडून आलेली. आधीच गावात बोलून राह्यले. तू अशी आली की पक्कंच होतं. मंग माझ्या तोंडाला काय राह्यलं?"

दैवशालानं फोन ठेवला आणि एका बाईच्या ज्वारीत दुसरीचे गहू टाकले. वीस वर्षांत तिच्याकडून असं झालं नव्हतं. तिला चीड आली होती. गावाची तर आलीच होती. त्याहून जास्त आली होती या गोष्टीची की आईला आपला शब्द पुरत नाही, दूधवाल्याचा पुरतो. आता न जावं तर बातमी तशीच राहणार. जावं आणि मध्येच दमून कोणाच्या टेम्पोत बसून गावात शिरावं, तर भांडून आलेल्या लेकीची वरात निघणार. जायचं तर पायडल मारत, हसत शिरायचं.

भागवत म्हणाला, "मी सोडतो न् गाडीवर. दोघं जाऊ."

"म्हंजे मी भांडून आले न्हाई, याचं सर्टिफिकेट म्हणून तुम्हाला मागं लटकवू का?"

"मी तर पुढं बसंल," भागवत म्हणाला. गाडी तोच चालवणार होता. तरी तो गेला नाही. शनिवारी संध्याकाळी त्यानं गुपचूप पाचही सायकलींच्या चेनला तेल घातलं. बोलण्यात तो कधीच जिंकत नाही, त्यामुळे असली कामं करून ठेवतो.

रविवारी अंधारातच रांग निघाली. चेहऱ्याला स्कार्फ, अंगात पांढरे सनकोट, हातात मोजे. पुढं सगुणाबाई, शेवटी दैवशाला. केळना नदीच्या कोरड्या पात्रावरचा पूल ओलांडला तेव्हा वारा गार होता आणि सगुणाबाई गवळण म्हणत होती. पण थोड्याच वेळात सुरेखाच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. हवा हळूहळू जायची. रविवारी सकाळी पंक्चरवाला कुठला? मग काय, थोडं अंतर जायचं, थांबायचं, पंप मारायचा. दैवशालाचे हात गिरणीचे, पंप मारताना सुरेखाचं चाक रस्त्यावर नाचायचं. "हळू मार गं, ट्यूब फुटंल," सुरेखा म्हणायची. असं करत करत ऊन वर आलं. डांबर टायरला धरायला लागलं, काकड्या संपल्या, पाणी कोमट झालं. अजून शेवटचा चढ बाकी होता.

एका लिंबाच्या सावलीत पाचही जणी थांबल्या होत्या, तेवढ्यात समोरून पिकअप आला. धुळीत करकचून थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. डोळे लाल, गळ्यात उपरणं. जवळ उभ्या असलेल्या बाईला, म्हणजे स्कार्फमधून फक्त डोळे दिसत होते अशा एका पांढऱ्या बाईला त्यानं विचारलं, "ताई, इकडून एखादी बाई रडत सायकलवर गेली का? एकटीच? अंगानं जरा भरलेली हाय."

बाईनं हातातला पंप खाली ठेवला.

"माझी बहीण हाय वो," तो म्हणाला. "डोकं जरा गरम हाय तिचं. पन मनानं चांगली हाय."

"किती भरलेली?" बाईनं विचारलं.

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून माप दाखवलं. मागं सगुणाबाईला हसू आवरेना, ती लिंबाला धरून वाकली.

"सर्ज्या," स्कार्फमधून आवाज आला, "तेवढी भरलेली असते तर तुझ्या मोटरसायकलचं मागलं चाक दरवर्षी पंक्चर झालं असतं."

सर्जेरावाचे हात हवेत तसेच राहिले. मग तो गाडीतून उतरला आणि मोठ्यानं बोलायला लागला, कारण लाज वाटली की तो मोठ्यानं बोलतो. "चल बस गाडीत! टाक सायकली मागं! माय सकाळपासून दारात बसून राह्यली. मी मंडपाची खेप सोडून आलोय. भाऊ असून तू अशी उन्हातान्हात येणार, गाव मला काय म्हणंल? माझ्या तोंडात शेण घालतील लोक."

दैवशालानं स्कार्फ सोडला. चेहरा घामानं निथळत होता. पिकअपच्या मागं ताडपत्रीची सावली होती, जार होता थंड पाण्याचा, आणि चढ तिथून डोळ्यांना दिसत होता. बाकीच्या चौघी तिच्याकडं बघत होत्या. ती हो म्हणाली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

"पाणी दे," ती म्हणाली. सगळ्याजणी प्यायल्या. मग तिनं भावाच्या गळ्यातलं उपरणं काढून तोंड पुसलं आणि परत त्याच्या गळ्यात टाकलं. "तू न्यायला आला, हे मी गावात सांगीन. आलाच ना तू? पन मी गाडीत बसून आले, असं मला तुझ्यासाठी बी सांगता येत न्हाई. माझ्या मागून ये."

सर्जेराव पुटपुटत गाडीत बसला आणि गाडी वळवून तिच्या मागं लावली.

चढाला लागल्यावर दैवशालाला त्या इंजिनाचा आवाज सारखा मानेवर जाणवत होता. आता दमली तर बसायला जागा अगदी जवळ होती. तिचे पाय अजून चालत होते. चढ पायडल मारत पार करावा, भावानं मागून बघावं, असं तिच्या मनात फार होतं. पण अर्ध्यावर सगुणाबाई उतरली आणि सायकल ढकलायला लागली. नियम दैवशालाचाच. तिनं दात आवळले, उतरली, आणि सगळी रांग सगुणाबाईच्या मागं चालत चालत वर गेली. मागून सर्जेराव ओरडला, "मंग चालायचंच होतं तर सायकल काहून आणली?" सुरेखा म्हणाली, "तुमच्या गाडीला तरी कुठं पळता येऊन राह्यलं?" खरंच, तो बिचारा पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चमकवत, बायकांच्या चालीनं येत होता.

माथ्यावर सगळ्या परत सायकलींवर बसल्या आणि उतारानं गावात शिरल्या. पुढं एक म्हातारी, मागं चार बायका, त्यांच्या मागं दिवे लावलेला पिकअप. कोणी पुढारी आला असं वाटून पारावरची माणसं उठून उभी राहिली. मग दैवशाला ओळखू आली. बायका दारात आल्या. आणि ज्याचा कोणी विचार केला नव्हता ते झालं. पुढं असलेल्या सगुणाबाईला सगळ्या गावानं दैवशालाची सासू समजून टाकलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, सासू संगं घेऊन आली! भांडून कोण सासूला आणतं का?" सगुणाबाईनं ते ऐकलं आणि पदर डोक्यावर घेऊन सासूसारखी मान ताठ केली. दैवशालाची खरी सासू त्या वेळी भोकरदनात कूलरपुढं झोपली होती.

गिरिजाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. लेकीवरून ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. मग थांबून सायकलीकडं बघितलं, आणि थोडा विचार करून तुकडा सायकलीच्या हँडलवरूनही फिरवून टाकला. रडली नाही. आधी बोलली, "किती लाल झालं गं तोंड." आणि मग लेकीच्या हातावरून, जिथं पंपानं फोड आला होता, तिथं अंगठा फिरवत राहिली.

दारापुढच्या लिंबाखाली बाजेवर भुजंगकाका बसले होते. भावकीतले थोरले, आणि गावात अजून कोणी विचारलं नसेल ते विचारायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दैवशाला, नवरा सोडायला आला न्हाई, भाऊ मागून आला. आमच्या टायमाला लेकीला नेत-आणत होते. तुला कोणी आणलं, हे तरी कळू दे गावाला."

पारावरची माणसं जवळ सरकली. सर्जेराव तोंड उघडणार होता, तेवढ्यात दैवशालानं स्टँड लावायला उचललेला पाय खाली ठेवला.

"काका, आजपर्यंत मला नेलं अन् आणलं. आज मी आले. आता जरा बाज सरका, सायकल सावलीत लावायची हाय."