बायकांनी पाय न ठेवायची हिरवळ

"हिरवळीवर बायकांनी पाय ठेवायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

आमच्या भोरच्या घरातला हा नियम मी बारा वर्षांची असताना ऐकला. आज वीस वर्षांची आहे, इंटर सायन्स पास आहे, वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिली आले आहे, आणि तरीही त्या हिरवळीचा स्पर्श माझ्या तळपायाला माहीत नाही.

अशा घरातले किस्से जमवावे लागत नाहीत. अंगणातल्या फणसाच्या पानांसारखे ते रोज पडतात आणि चार दिवस झाडले नाहीत की ढीग होतो. गेल्या हिवाळ्याचा ढीग आज तुमच्यासमोर ओतते. ऐकताना तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मला अजून रागच येतो.

*

अण्णा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झाले. नोकरीत असताना एकदा कामासाठी ते पुण्याला लष्करात एका साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. तिथे त्यांनी हिरवळ पाहिली. परत आले ते वेड लागूनच. अंगणातली फरशी उखडली, हरळी लावली, लिलावातून गवत कापायचं यंत्र आणलं.

अंगण घराच्या उत्तरेला आहे. पश्चिमेला फणस, पलीकडे पुरुषभर उंचीची भिंत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला की घराची सावली दिवसभर त्या गवतावर पडून राहते. इथे गवत टिकायचं नाही, हे कोणीही सांगितलं असतं. पण अण्णांना कोणी काही सांगत नाही. त्यामुळे दरवर्षी दिवाळीनंतर हिरवळ पिवळी पडायची आणि माघापर्यंत लूत लागलेल्या कुत्र्यासारखी दिसायची. उन्हाळ्यात अण्णा पुन्हा हरळी लावायचे. अशी आठ वर्षं.

एकदा मी विचारलं होतं, की साहेबाच्या बंगल्यातही बायका हिरवळीवर पाय ठेवत नव्हत्या का?

"दोन मडमा फिरत होत्या," अण्णा म्हणाले. "बुटांसकट."

"मग?"

"त्या मडमा."

*

या नियमाचं सगळ्यात मोठं नुकसान आईचं. गणपतीला रोज एकवीस दूर्वा लागतात. दूर्वा म्हणजे हरळीच, हे तुम्हाला सांगायला नको. अंगणभर हरळी असताना माझी आई रोज सकाळी फाटकाबाहेर जाऊन, रस्त्याच्या कडेला वाकून दूर्वा खुडायची. बैलगाड्या जायच्या, त्यांची धूळ तिच्या अंगावर उडायची.

मी अण्णांना हे बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचार केला आणि आईला सांगितलं, "दूर्वा धुऊन घेत जा."

*

आता तुम्ही विचाराल, की मग या हिरवळीची निगा कोण राखत होतं?

गजराबाई. भोंगवलीची. नवरा गेल्यावर भोरात भावाकडे राहायला आलेली. रोज सकाळी ती हिरवळीच्या मधोमध बसून खुरप्यानं तण काढायची, यंत्र ढकलायची, पानं वेचायची. यंत्राची पहिली ओळ अण्णा स्वतः ढकलत, धोतर सावरत. बाकीचं सगळं अंगण गजराबाई.

ती बाई नाही का, असं मी विचारलं. अण्णांचे मित्र बापूसाहेब तिथेच होते. हे निवृत्त वकील. अण्णांच्या बाजूनं बोलायची त्यांना अजून सवय आहे. ते म्हणाले, "ती कामाला आलेली आहे. तिला बायकांत कसं धरायचं?"

गजराबाई चार हातांवर बसली होती. तिनं ऐकलं. बापूसाहेब गेल्यावर मला म्हणाली, "ताई, मला बाई म्हनू नगा बरं का. हितनं उठून फाटकाभाईर बसावं लागंल."

*

जूनमध्ये अण्णांनी माझं कॉलेज थांबवलं. बी.एस्सी.ची दोन वर्षं राहिली होती. कारण काय, तर मुलगी फार शिकली की स्थळ मिळत नाही. मी पाच महिने भांडले. अण्णांना ना राग आला, ना दया.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते तिघे नेहमीसारखे हिरवळीवर वेताच्या खुर्च्यांत बसले होते. तिघे म्हणजे अण्णा, बापूसाहेब आणि तात्या मास्तर. तात्यांनी निम्म्या भोरला मुळाक्षरं शिकवली आहेत आणि त्या निम्म्या भोरनं आपलं अजूनही ऐकावं असं त्यांना वाटतं. अण्णा हिरवळीकडे बघून उसासा टाकत होते. मी कडेच्या दगडी पट्टीवर उभी राहून म्हटलं, "थंडीनं नाही मरत ते. तुम्ही मारता."

तात्या हसले. "वनस्पतिशास्त्र बोललं."

आणि अण्णा, मित्रांसमोर असले की त्यांना उदार व्हायला आवडतं, म्हणाले, "असं? मग जगवून दाखव. माघापर्यंत हिरवळ हिरवी राहिली तर जूनमध्ये पुण्याला जा. हे दोघे साक्षीला आहेत."

"ठरलं," मी म्हटलं.

"पण पाय ठेवायचा नाही," अण्णा म्हणाले.

असा मी तो हिवाळा काढला. गवतापासून वीतभर अंतरावर, दगडावर उभी राहून.

*

पहिलं भांडण कापण्यावरून. अण्णा यंत्राचं पातं अगदी खाली उतरवून गवताची हजामत करत. मी समजावून सांगितलं, की गवत पानातून जेवतं, सावलीत त्याला ऊन आधीच कमी मिळतं, त्यात पानंच कापली तर ते उपाशी मरेल. थंडीत ते वाढतही नाही फारसं. बोटभर उंच राहू द्या.

तात्या मास्तर म्हणाले, "चुकतेस तू. वरचेवर कापलं की जोमानं वाढतं. केसांचंच बघ."

मी तात्यांच्या डोक्याकडे बघितलं. बापूसाहेबांनीही बघितलं. अण्णांनी नको नको म्हणत शेवटी बघितलंच. तात्यांनी टोपी घातली.

तरी यंत्र काही थांबेना. मग एक दिवस त्याचा मुख्य स्क्रूच सापडेना. गजराबाईनं सगळं अंगण धुंडाळलं. निदान तसं दाखवलं. पुण्याहून दुसरा मागवावा लागेल, असं अण्णांनी ठरवलं आणि पत्र लिहायचं राहून गेलं. स्क्रू माघापर्यंत माझ्या कंपासपेटीत होता.

वर्गात पहिली आलेली मुलगी मी, आणि मला चोरी करावी लागली!

*

पाण्याचं तर विचारूच नका. अण्णा रोज संध्याकाळी झारीनं पाणी घालत. मी म्हटलं, थंडीत सावलीतलं पाणी रात्रभर सुकत नाही, बुरशी धरते. घालायचंच तर सकाळी, तेही आठवड्यातून एकदा.

"संध्याकाळी पाणी घालायची या घरची रीत आहे," अण्णा म्हणाले.

हिरवळ लावून आठच वर्षं झाली होती.

रीत चालू राहिली आणि मार्गशीर्षात भिंतीलगत करडी बुरशी आली. परातीएवढं गवत कुजलं. ते कुजत होतं तो माझा जून होता. तात्या वाकून बघून म्हणाले, "दृष्ट लागली आहे." अण्णांनी आईला मीठमिरच्या आणायला सांगितल्या.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या आईनं गवताची दृष्ट काढली. तीही लांबून, दगडावर उभी राहून, हात ताणून, कारण पाय ठेवायचा नव्हता. आणि दृष्ट काढल्यावर काही दिवस जागेला पाणी लावायचं नाही, असं तात्यांनी सांगितल्यामुळे अण्णांनी झारी ठेवून दिली.

पंधरा दिवसांत बुरशी गेली.

त्या पौषात भोरमधल्या दोन घरांनी आईकडून मीठमिरच्यांचं प्रमाण विचारून नेलं.

*

खुर्च्यांचा प्रश्न राहिला. रोज त्याच जागी चार खुर्च्या, एक पानाच्या तबकासाठी. खुर्च्यांचे सोळा पाय आणि मंडळींचे सहा. तिथली माती दगडासारखी घट्ट झाली होती. मी विनंती केली, की थंडीपुरतं ओसरीवर बसा, थंडीत तुडवलेलं गवत उन्हाळ्यापर्यंत वर येत नाही. मी मातीत काडी खुपसून दाखवली, ती मोडली. अर्थात खुपसली गजराबाईनं.

बापूसाहेब म्हणाले, "गवत असतं कशासाठी? बसण्यासाठीच ना?"

दुसऱ्या दिवशी मी आईला ओसरीवरून मोठ्यानं विचारलं, की दवात पाय राहिले की गुडघे धरतात म्हणतात, ते खरं का गं? आई समजली. म्हणाली, "अगं, वाईच्या मावशींना पुढे उठताच येईना."

तिसऱ्या दिवशी खुर्च्या ओसरीवर होत्या. सबंध वनस्पतिशास्त्राला जे जमलं नाही ते बापूसाहेबांच्या डाव्या गुडघ्यानं केलं.

*

फणसाच्या खालच्या फांद्या छाटल्या तर दुपारचं थोडं ऊन आत येईल, असं मी कधीपासून सांगत होते. अण्णा ऐकेनात. फणस कमी लागतील म्हणाले.

"अण्णा, फणस खोडाला लागतो."

"तू मला फणस शिकवू नकोस."

पौषात ते लग्नाला म्हणून दोन दिवस पुण्याला गेले. सर्व्हिस मोटारीनं फाटक सोडलं आणि गजराबाईनं कोयता कमरेला खोचला. शिडी धरली माझ्या आईनं. नियमाप्रमाणे तिला पट्टीवरून धरता येईना, म्हणून तिनं एक पाय पट्टीवर ठेवला आणि दुसरा, आठ वर्षांत पहिल्यांदा, गवतावर. मी बघितलं. तिनं मी बघितल्याचं बघितलं. तिनं फक्त बोटं एकदा गवतात रुतवली आणि सोडली.

दोन फांद्या उतरल्या. दुपारी अंगणात उन्हाची घोंगडीएवढी चौकट पडली.

अण्णा परत आले, ओसरीवर बसले, चहा घेतला. मी रिकामा कप घ्यायला उभी. ते म्हणाले, "या वर्षी ऊन बरं पडतंय."

*

माघ आला. हिरवळ हिरवी होती. पोपटी नव्हे, पण हिरवी, दाट, कुठेही टक्कल नाही. गजराबाई रोज दोनदा फणसाची पानं वेचत होती, एक पान रात्रभर पडू दिलं नव्हतं. रस्त्यावरचे लोक फाटकाशी थांबून बघत आणि अण्णा त्यांना सांगत, "मेहनत लागते हो."

मी कॉलेजचा विषय काढला. पुण्याला अर्ज पाठवायचा होता.

"कसलं ठरलं होतं?" अण्णा म्हणाले. "ते गमतीनं बोललो असेन."

मी बापूसाहेबांकडे बघितलं. त्यांनी तपकिरीची डबी काढली. तात्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "मोठ्यांचे शब्द असे पकडायचे नसतात."

आणि त्याच आठवड्यात कळलं, की साताऱ्याचं स्थळ येतं आहे. मुलगा वकील. बघण्याचा कार्यक्रम अंगणात करायचा. "अशी हिरवळ पुन्हा कधी दाखवायला मिळणार?" अण्णा आईला म्हणत होते. मी आतून ऐकलं. तीन महिने दगडावर उभी राहून मी स्वतःचाच मांडव घातला होता!

*

पाहुणे तासभर उशिरा आले. कापूरहोळला मोटार बंद पडली होती. आल्या आल्या मुलाचे वडील हिरवळीवर उभे राहून वा वा म्हणाले आणि अण्णांचा चेहरा फुलला. खुर्च्या त्या दिवशी पुन्हा गवतावर. मुलाचे वडील, मामा, अण्णा, बापूसाहेब, तात्या. मुलगा खाली बघत. ओसरीवर आई. भिंतीशी गजराबाई, पानं वेचून झाल्यावर बसलेली.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन आले आणि पट्टीवर थांबले. बश्या तात्यांनी उठून घेतल्या, कोणाच्या लक्षातही आलं नाही. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी सांगितलं, जरा कमी करून. स्वयंपाक विचारला, तोही अण्णांनीच सांगितला, जरा वाढवून.

मग मामा म्हणाले, "पायात काही दोष नाही ना? मुली, जरा चार पावलं चालून दाखव बघू. अशी समोर ये, हिरवळीवरून."

मी हलले नाही.

"चाल ना," अण्णा हसत म्हणाले. मग हसू कमी झालं. "चाल."

"या हिरवळीवर बायका पाय ठेवत नाहीत," मी मामांना सांगितलं.

मामांना वाटलं मी लाजते आहे. "का बरं?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"ते विचारायचं नसतं. अण्णांचा नियम आहे. आणि जूनमध्ये मी पुण्याला जाणार आहे, तोही अण्णांचाच शब्द आहे. बापूसाहेब आणि तात्या साक्षीला होते. त्यांना विचारा. हवं तर मी इथेच थांबते."

बापूसाहेबांनी तपकिरीची डबी उघडली आणि ओढायचं विसरले. तात्या मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. पट्टीच्या अलीकडे, अगदी नियमात होते ते.

फणसाचं एक पान गळून मधोमध पडलं. गजराबाई उठली, सगळ्यांच्या मधून हिरवळीवरून सावकाश चालत गेली आणि तिनं ते उचललं.