अकलूजचं ऊन आणि मावशीचा पाहुणचार

माझी मावशी रात्री बसून झोपते. दमा. दारासमोर गुऱ्हाळ, आणि त्याच्या चुलवणात जुने टायर. तक्रार घेऊन गेले तर तालुक्याचे साहेब म्हणाले, "धूर सगळीकडेच असतो, मोजमाप आणा." आणतेच, म्हटलं! माझी मैत्रीण शर्वरी हवेतले वायू मोजते. तिला यंत्रासकट गाडीत घातलं आणि पुणं सोडलं.

इंदापूरपर्यंत रस्ता झकास, टोल मात्र पाठ सोडत नाहीत. अकलूजकडे वळलात की उसाच्या ट्रॉल्यांमागे सरपटायची तयारी ठेवा. जायचं तर हिवाळ्यातच, आभाळ निरभ्र हवं.

यंत्र म्हणजे एक खोकं आणि दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरणारा आरसा. उन्हातला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग हवेतून येताना प्रत्येक वायू त्यातला आपला ठरलेला वाटा गिळतो. काय कमी झालं यावरून कोणता वायू किती ते कळतं. शर्वरीने यंत्र मावशीच्या गच्चीवर, धुराच्या वाटेतच मांडलं. पुढे ते दुसरीकडे जायचं होतं, म्हणून दोनच दिवस. आकडे जसे येतील तसे साहेबांना द्यायचे, या अटीवरच त्यांनी मोजायची परवानगी दिली होती.

जेवणाचं विचाराल तर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. मावशीच्या हातचं खाल्लं की हॉटेलं विसराल. ऊनही दोन्ही दिवस खणखणीत. पण टायरच्या धुरातले म्हणून जे वायू शर्वरी शोधत होती, ते जवळपास नव्हतेच.

"हवा चांगली दिसतेय गं," ती हळूच म्हणाली. मला तिचाच राग आला.

निघताना मावशीने गुळाची ढेप हातात ठेवली. "धुराचा तरास न्हाय ना झाला? म्या बजावलं व्हतं गुऱ्हाळवाल्याला, पोरी यायच्या हायत, दोन दिस टायर घालू नगा. ऐकलं की त्यानं. निसतं उसाचं चिपाड जाळलं."

"अगं मावशी, तेच तर मोजायला आलो होतो!"

"व्हय, पण घरी आलेल्या पोरींना ठसका लावू व्हय?"

कपाळ माझं! भांडू तरी कुणाशी?

टायर बंद होते, असं शर्वरीने अहवालात स्पष्ट लिहिलं. साहेबांनी तेवढी ओळ सोडून बाकी सगळं वाचलं. हवा स्वच्छ, तक्रार निकाली. आता गुऱ्हाळवाला तो कागद येईल त्याला दाखवतो म्हणे.

ढेप अजून फडताळात आहे, फोडवत नाही. काल मावशीचा फोन आला. दोन शब्दांमागे एक धाप.

"परत कवा येताय गं? तुमी व्हतात तेवढं दोन दिस आडवी पडून झोपले बग."