लोकमान्यांचं लाटणं

जळगावहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी लसूण सोलत बसले होते. "काकू, आई गेली… झोपेतच," एवढंच तो कसंबसं बोलला. अशा वेळी शहाण्या बाईने रडावं, पोराला धीर द्यावा. माझ्या तोंडून मात्र निघालं, "जाताना काही सांगून गेली का रे?" त्याला वाटलं असणार, काकूचा जीव कपाटाच्या किल्ल्यांत अडकलाय. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याची काकू जन्मभर एका टोपणनावाची वाट बघत होती, आणि ते सांगायचं कबूल केलेली एकुलती एक बाई आत्ताच निघून गेली होती.

ती बाई म्हणजे अक्का, माझी थोरली जाऊ. शिरपूरकडची. सासूसासऱ्यांसमोर शहरी बोलायची आणि आम्हा बायकांत बसली की अहिराणीवर यायची. मी धुळ्याची, इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलेली. तेवढ्या इतिहासाची मला कोण ऐट! लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, 'सुनंदा'. ताट धरायला अक्काच होती. मी आपली मान खाली घालून डोळे पुसत होते, तर ती रात्री जेवायला वाढताना कानाशी येऊन म्हणाली, "तांदळातलं नाव भातात गेलं, शके. जेव आता." माहेरची मी शकुंतला. घरात त्या दिवसापासून सगळ्यांची सुनंदा झाले. अक्काची शकी ती शकीच राहिले. नवं नाव हिच्या लक्षात राहत नाही, असं मी धरून चालले. मी हुशार होते ना!

चैत्र लागला की जळगावच्या आमच्या गल्लीतल्या बायका आपापलं पोलपाट-लाटणं घेऊन एकेकीच्या घरी पापड लाटायला जमत. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, लाट्या पाडायच्या, अंगणातल्या खाटेवर जुनं लुगडं पसरून पापड वाळत घालायचे, आणि दिवसभर घरच्या माणसांची उणीदुणी काढायची. अडचण एकच होती. नवऱ्याचं, सासूसासऱ्यांचं, दिराचं नाव कोणी घ्यायचं नाही. त्यामुळे जी ती "हे" म्हणायची, आणि कोणाचे "हे" काय करून बसले याचा पत्ता लागेपर्यंत लाटी सुकून जायची. स्वयंपाकघरात डाळ मिलचं एक कॅलेंडर होतं, त्यावर देशाच्या पुढाऱ्यांचे अंडाकृती फोटो आणि खाली त्यांच्या पदव्या. एका वर्षी अक्काने त्याच्याकडे बघत लाटणं उचललं आणि सरळ वाटप करून टाकलं. सासूबाई 'पोलादी पुरुष'. "बाई असली म्हणून काय झालं?" सासरे पोरांना गोळ्या वाटायचे, ते 'चाचा'. तिचा स्वतःचा नवरा दुपारी मफलर गुंडाळून, कोणाला पत्ता लागू न देता मॅटिनीला निसटायचा, तो 'नेताजी'. समोरच्या मालतीवहिनींचे यजमान घोरायला लागले की आमच्या खिडक्या वाजत, ते 'पंजाबचा सिंह'. आणि सासूसुनेची जुंपली की परसात जाऊन केळीला पाणी घालत उभे राहणारे माझे हे… 'शांतिदूत'.

मला हसू येत होतं, पण इतिहास आडवा आला. पोलादी पुरुष कोणाला म्हणत, का म्हणत, संस्थानं कशी विलीन झाली, हे मी पोलपाटावर बसल्या बसल्या समजावायला घेतलं. "अक्का, या पदव्या लोकांनी कर्तृत्वावर दिल्यात. अशा वाटेल त्याला द्यायच्या नसतात." बायका माना डोलवत ऐकत होत्या. अक्का म्हणाली, "हो का? बरं. तुना पापड फाटी ऱ्हायना, शके." बघितलं तर खरंच, पापडाच्या मधोमध खिडकी.

एका निवडणुकीतली गंमत अजून आठवते. एक उमेदवार हात जोडत थेट अंगणात आला. सासूबाई खाटेवर बसलेल्या, आम्ही खाली लाटतोय. गडी तावात बोलायला लागला, "माताभगिनींनो, आज देशाला गरज आहे ती पोलादी पुरुषाची! तो कणखरपणा, ती जरब, आता कुठे बघायला मिळते?" आमच्या आठ-दहा पदरांचे बोळे एकदम तोंडात गेले. मालतीवहिनी तर खोकल्याचं सोंग घेऊन घरी पळाल्या. तो बिचारा गोंधळून गेला आणि पत्रकं ठेवून निघाला. सासूबाईंनी जरबेने विचारलं, "दात काढायला काय झालं?" अक्का साळसूदपणे म्हणाली, "त्याच्या टोपीला पीठ लागलेलं, आत्याबाई." सासूबाई उठून आत गेल्या. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "थोरले, पोलादी पुरुषाला घोटभर चहा टाक." आणि पाठ वळवून निघून गेल्या. पाठ हलत होती…

सगळ्यांची नावं झाली, माझं कुठेय? मी आले की बायका गप्प होत, म्हणजे पाठीमागे काहीतरी नक्की असणार. मनातून मला 'भारतकोकिळा' हवं होतं. तेवढ्यासाठी मी पापड लाटताना गळा मोकळा सोडून भावगीतं म्हणायचे. खाटेवरच्या चिमण्या उडत, पण पदवी काही येईना. एकदा धीर करून अहिराणीतच विचारलं, "बठ्ठासले नाव दिधं, मंग माले का नही?" अक्का हसली. "सांगू कधीतरी." मी मात्र गुपचूप तिचं नाव ठरवून टाकलं होतं. थोरल्या जावेचं नाव कसं घेणार? आणि गल्लीत भांडण मिटवायला, बारशाला, मयताला आधी तिलाच बोलावणं जायचं. म्हणून यांच्याशी बोलताना मी तिला 'लोकमान्य' म्हणायचे. हे तिला कधी सांगितलं नाही. ती मला सांगत नव्हती, मग मी का सांगू?

पुढे यांची बदली धुळ्याला झाली, मी माहेरच्या गावी संसाराला आले. तरी चैत्रात एक फेरी जळगावला ठरलेली. अलीकडे नातू फोनवर आजच्या पुढाऱ्यांना ठेवलेली नावं वाचून दाखवतो. मी तीही अक्काला ऐकवली होती. ती म्हणाली, "ही बाजारातली दिसतात. घरात लाटलेली नाहीत." मला तेव्हा कुठे उमगलं, की बापू काय, चाचा काय, देशानेही आपल्या थोरांना घरातल्यासारखंच हाताळलं. ज्याचं नाव थेट घ्यायला जीभ कचरते, त्याला माणूस जवळचं काहीतरी शोधतो. एवढं कळायला मला बी.ए.चं दुसरं वर्ष पुरलं नव्हतं.

शेवटची भेट पौषातली. खुब्याचं हाड मोडून ती दवाखान्यात खिडकीशी पडून होती. मी खुर्ची ओढून म्हटलं, "अक्का, आता तरी सांग. कोण होते मी? आणीबाणी?" ती इतकी हसली की नर्स धावत आली आणि मलाच बाहेर काढलं. मी दारात पोचले तशी अक्का खाटेवरूनच हात हलवत म्हणाली, "चैत्रात ये, शके. सांगते."

तेराव्याला मालतीवहिनी भेटल्या. त्या पापडांच्या मेळ्यातल्या आता आम्ही दोघीच. सिंहही केव्हाच गेले. मी त्यांना कोपऱ्यात गाठून विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला नावच नव्हतं गं! आम्ही मागे लागलो होतो, हिलाही एक दे म्हणून. मी तर 'भाषणमहर्षी' सुचवलं होतं. अक्का ऐकेना. म्हणाली, 'जिनं नाव घेता येस, तिले दुसरं कसाले? घरात बठ्ठा तिले सुनंदा म्हणतस. एखादीने तरी शकी म्हणावं.'"

म्हणजे ती विसराळू नव्हती… मी जे मागत होते, ते ती रोज हाक मारून देत होती. भारतकोकिळेला गाण्याच्या नादात ऐकू आलं नाही, एवढंच.

निघताना पुतण्याने विचारलं, "काकू, आईचं काही हवंय का?" मी तिचं रेघांचं लाटणं मागितलं. मधोमध झिजलेलं, तेलाने काळंभोर झालेलं. परवा धुळ्यात थोडं पीठ कुटून घेतलं आणि एकटीच बसले. पहिलाच पापड फाटला. मी थांबले, मान वर केली, वाट बघितली. कोणी काही बोलेना. मग मीच खणखणीत आवाजात म्हटलं, "तुना पापड फाटी ऱ्हायना, शके!"

सून आतून धावत आली. "आई, कोणाशी बोलताय?"

"लोकमान्यांशी."

तिने माझ्याकडे काळजीने बघितलं, कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही मला," मी म्हटलं. "तुझं लाटणं घेऊन ये आणि बस. आधी मला सांग, माझ्या पाठीमागे तुम्ही मला काय म्हणता?"